माजी विद्यार्थ्यांचा गौरव करावा काय?

लोकसेवेत व न्यायाच्या कामी झटलेल्या माजी विद्यार्थ्यांचा यहूदी शाळा गौरव करितात. परंतु १२ व्या शतकातील यहूदी पंडित मायमोनिडीस ह्याने दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याने व घेणाऱ्याने परस्परांस ओळखू नये, ही त्यांत वरून दुसरी. मग सेवेचा गाजावाजा कशास?

बर्लिन येथील यहूदी धर्मविद्यालयात शिकलेल्या रेगिना योनास ह्यांचे उदाहरण घ्या. १९३५ साली त्यांस रब्बीपदाची दीक्षा मिळाली. स्त्रीस हे पद देणे पुष्कळांस रुचत नव्हते. १९४२ साली नाझींनी त्यांस थेरेसिएनश्टाटच्या छावणीत नेले. तेथे आगगाडीतून उतरणाऱ्या भयभीत लोकांस त्या धीर देत. १९४४ साली औश्विट्झ येथे त्यांचा वध झाला. त्यांचे विद्यालयही नाझींनी १९४२ सालीच बंद केले होते. गौरव करणार कोण?

गौरव न झाल्याने त्यांची सेवा तिळभरही उणी झाली नाही, असे आम्ही म्हणतो. हानी झाली ती मागून येणाऱ्यांची. १९७२ साली अमेरिकेत सॅली प्रीसँड ह्यांस दीक्षा मिळाली, तेव्हा पुष्कळांनी त्यांसच जगातील पहिली स्त्री-रब्बी मानिले. योनासबाईंचे कागद बर्लिनच्या दप्तरखान्यात पडून होते. ते १९९१ साली उजेडात आले.