मुलास पुन्हा चालावयास कोण शिकवितो?

आधारवचन : होशेय ११:३



होशेय संदेष्ट्याच्या ह्या वचनात देव राजाच्या किंवा न्यायाधीशाच्या रूपाने बोलत नाही. अंगणात वाकून लेकराचे हात धरणाऱ्या बापासारखा बोलतो. एफ्राइमास पाऊल टाकावयास आपणच शिकविले, त्यास आपणच हातांवर घेतले, असे तो सांगतो. आणि मग खेदाने म्हणतो की, बरे करणारा कोण हे त्या लोकांस कळले नाही. चालावयास शिकणे, बरे होणे आणि बरे करणाऱ्यास न ओळखणे ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका वचनात आल्या आहेत. लहान मुलांच्या एका आजाराच्या निमित्ताने आपण त्यांचा विचार करू.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात माघ-फाल्गुनात हळद काढण्याची व शिजविण्याची घाई असते. वसमत-कळमनुरीकडे घरातील धडधाकट माणसे पहाटेच शेतावर जातात आणि लहान मुले आजीपाशी राहतात. कांजिण्यांची साथही बहुधा ह्याच दिवसांत येते. अशा एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दोन-अडीच वर्षांचे मूल कांजिण्यांतून उठले आहे. फोड सुकले, खपल्या पडल्या, ताप गेला. ते खाते, हसते. आठ-पंधरा दिवसांनी एके सकाळी ते अंथरुणावरून उठते, तो त्यास नीट चालता येत नाही. पाय फाकून उभे राहते, झुलते, दोन पावले टाकून पडते; पेला धरताना हात कापतो. काल अंगणभर धावणारे मूल आज भिंत धरून चालते. शेजारीण म्हणते, देवी कोपली. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी आईसच विचारते, तू घरात काही पाळले नाहीस काय?

डॉक्टर मंडळीस हा विकार चांगला ठाऊक आहे. डोक्याच्या मागील भागी लहान मेंदू असतो, आणि शरीराचा तोल सांभाळणे हे त्याचे काम. कांजिण्यांशी लढण्यास शरीराने जी फौज उभी केली, तीच रोग गेल्यावर चुकून लहान मेंदूस त्रास देते, असे मानतात. पायांत बळ असते, पण तोल राहत नाही. लस न घेतलेल्या सुमारे चार हजार मुलांस कांजिण्या झाल्या, तर त्यांपैकी एखाद्यास असे होते. दुखणे आरंभीच सर्वांत अधिक दिसते व मग ओसरू लागते. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत, तर काही दोन-तीन महिन्यांत पूर्वीसारखी चालू लागतात. पुष्कळदा औषधही लागत नाही. काळ, सांभाळ आणि धीर एवढे पुरते.

आता ह्यातून तीन गोष्टी मनात धरू.

पहिली गोष्ट : बरे करणाऱ्यास ओळखा. हा विकार बहुधा आपोआप बरा होतो, आणि मोह नेमका तेथेच आहे. घाबरलेले घर देवऋषीकडे धाव घेते. तो अंगारा लावतो, गळ्यात गंडा बांधतो, कोंबडे मागतो. पंधरा दिवसांनी मूल चालू लागते, आणि घर म्हणते, गंड्याने गुण आला. मूल तर गंड्यावाचूनही चालले असते! पण त्या दिवसापासून गंड्याची पत वाढली. पुढील वर्षी त्याच घरात निराळे व घातक दुखणे आले, म्हणजे ते घर आधी त्याच्याच दारी जाईल, आणि मोलाची रात्र हातची जाईल.

परंतु बंधूंनो, केवळ देवऋषीकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आम्ही पाळक व उपदेशकही कधी कधी मुलाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करितो, आणि मूल बरे झाले की आपल्या प्रार्थनेचे सामर्थ्य वर्णू लागतो. ज्याने त्या लहानशा देहात झिजलेले भरून काढण्याची शक्ती जन्माआधीच घातली, त्याचे श्रेय आपण का घ्यावे? प्रार्थना अवश्य करावी. बरे झाल्यावर उपकारही मानावे. पण बढाई मारू नये.

दुसरी गोष्ट : देव हात धरतो, म्हणून आपण हात झाडू नये. हिज्कीया राजा मरणोन्मुख असता यशया संदेष्ट्याने देवाचे अभिवचन आणिले, आणि त्याच वेळी अंजिरांची ढेप गळवावर बांधावयास सांगितले. अभिवचन आणि औषध एकाच मुखातून निघाले. प्रार्थना केली म्हणून दवाखान्यात जाणे म्हणजे अविश्वास, असे जो शिकवितो, त्याने राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचावा.

कारण प्रत्येक झुलणारे पाऊल निरुपद्रवी नसते. मुलास ताप आहे, ते सुस्त पडते, वारंवार ओकते, त्यास झटके येतात, मान ताठ होते किंवा डोके फार दुखते, तर एक घटकाही दवडू नये. १९६५ साली आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळील चांदीपुरा गावी जो विषाणू सापडला, त्याच्या तापात मूल एक-दोन दिवसांतच दगावू शकते. मूल डोक्यावर पडले होते काय, त्याने घरातील झोपेची वा फिटची गोळी किंवा शेतातील फवारणीचे औषध तोंडात घातले काय, हेही पाहावे. तसेच झुलणे निराळे आणि लुळे पडणे निराळे. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला, व २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. तरी पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडल्यास आजही आरोग्य खात्यास कळवून शौचाचे दोन नमुने तपासावे लागतात. ती तपासणी टाळू नये.

यास्तव चाल बिघडलेले मूल, मग ते हसतखेळत का असेना, डॉक्टरास दाखवावेच. गावच्या आशाताईस सांगावे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जावे, आणि तेथून सांगितल्यास नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे. कांजिण्यांत मुलास ॲस्पिरीनची गोळी देऊ नये. तिने यकृतास व मेंदूस जीवघेणा अपाय होऊ शकतो. कांजिण्यांवर लस आहे, पण ती सरकारच्या मोफत लसींत नाही. तिच्याविषयी डॉक्टरास विचारावे. पोलिओ, गोवर व रुबेला ह्यांच्या मोफत लसी मात्र कोणत्याही मुलाच्या चुकवू नयेत. आणि मूल घरी आले म्हणजे त्यास चुलीपासून, हौदापासून व उंबऱ्याच्या ठेचेपासून जपावे. चालण्याची बळजबरी करू नये. बोट पुढे करावे, म्हणजे ते आपण होऊन धरील.

तिसरी गोष्ट : दोष शोधू नका. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारिले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोहोंपैकी कोणावरही ते ठेविले नाही. जेथे प्रभूने दोष ठेविला नाही, तेथे शेजारणीने, सासूने किंवा मंडळीच्या पंचाने तो का ठेवावा? रात्रभर उशाशी बसलेल्या आईस तुझ्या हातून काय चुकले असे विचारणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे होय.

आणि काही मुलांचे पाऊल पूर्ववत होत नाही, हेही सांगितले पाहिजे. एखाद्याच्या चालीत किंवा बोलण्यात थोडे उणे राहते. आणि दुसरा कोणता रोग असेल, तर पुष्कळच उणे राहते. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असता, त्यास घेऊन पळताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी पांगळा झाला. त्याचे पाय बरे झाले असे शास्त्र कोठेही सांगत नाही. शास्त्र इतकेच सांगते की, दावीद राजाने त्यास शोधून आणविले आणि राजपुत्रांच्या पंक्तीस नित्य आपल्या मेजावर बसविले. तेव्हा आपल्या मंडळीतील जे मूल चालू शकत नाही, त्यास रविवारी कोण उचलून आणितो? शाळेपर्यंत कोण पोहोचवितो? देवाच्या पंक्तीत त्याचे पान मांडिले आहे. तेथवर त्यास नेणे आपल्याकडे आहे.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही वाडीवस्तीवर फिरता. ह्या हंगामात ज्या घरी कांजिण्या आल्या असतील, तेथे दोनदा जा. एकदा ताप असताना, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी. मूल कसे चालते ते आपल्या डोळ्यांनी पाहा. हळदीच्या मजुरीपायी आईस दवाखान्यात जाता येत नसेल, तर तिच्या एका दिवसाच्या मजुरीची सोय मंडळीने करावी. ही लहानशी सेवा पुष्कळ उपदेशांहून अधिक बोलेल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या लेकरांचे पहिले पाऊल तू पाहिलेस, डळमळणारे पाऊलही तूच सावर. आईबापांस धीर दे, डॉक्टरांस व परिचारिकांस बुद्धी दे, आणि आम्हांस दोष लावणारी जीभ नव्हे, तर धरणारा हात दे. बरे झाल्यावर बरे करणाऱ्याचा आम्हांस विसर पडू देऊ नकोस. येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.