अरुंधतीचं खातं

आमच्या आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात दोनच परपुरुषांना मनापासून शिव्या दिल्या. पहिले निळू फुले आणि दुसरे मिलिंद गवळी. दोघांशीही त्यांची ओळख नाही. पहिल्यांचा चित्रपट गावच्या तंबूत लागला की त्या अंधारात कडाकडा बोटं मोडायच्या. दुसऱ्यांना मात्र आमच्या रहाटणीच्या दोन खोल्यांत, सोफ्यावर मांडी घालून, चहात बिस्किट बुडवत, संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला शिव्याशाप मिळत. निळूभाऊ म्हणजे राष्ट्र सेवा दलातून आलेला सज्जन माणूस, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "असेल बाबा. पण डोळे बघ की मेल्याचे!"

यावर युक्तिवाद नाही. निदान बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात तरी नव्हता.

मिलिंद गवळींचा अपराध इतकाच की ते 'आई कुठे काय करते' या मालिकेत अनिरुद्ध देशमुख झाले. ही मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. त्याच मुळावरून हिंदीत 'अनुपमा' आली. म्हणजे एकाच नवऱ्याने एकाच बायकोला तीन भाषांत फसवलं, आणि तिन्हीकडे पाऊस चांगला पडला. पाच वर्षं ही तशी आपल्याकडे अल्पमुदतच. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ मध्ये संपली. चार दिवसांची ठेव अकरा वर्षांनी परत करणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

तर अरुंधती. मधुराणी प्रभुलकर यांनी रंगवलेली ही बाई पंचवीस वर्षं घर सांभाळते, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या धामधुमीत तिला नवऱ्याचं संजनाशी असलेलं प्रकरण कळतं. पुढे ती घटस्फोट घेते, पायावर उभी राहते, गाते. आमच्या इमारतीत निम्मे पुरुष कंपनीतले. कोणी पहिल्या शिफ्टला, कोणी दुसऱ्या. पहिल्या शिफ्टवाले साडेसातला चुकून घरात सापडले की त्यांच्याकडे बायका अशा बघत, जणू ते चाकणला जातो सांगून संजनाकडेच जाऊन आलेत. दुसऱ्या शिफ्टवाले सुटले. त्यांच्याबद्दल जे काय ठरायचं ते त्यांच्या गैरहजेरीत ठरत असे.

१९१९ साली गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू दारुड्या नवऱ्याचं सगळं सोसते, त्याला दोष न देता मरते, आणि महाराष्ट्र रडतो. त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, २०१९ साली, अरुंधती आली. ती सोसून सोसून शेवटी घर सोडते, आणि महाराष्ट्र टाळ्या वाजवतो. शंभर वर्षांत आपण एवढे पुढे आलो, असं मी एका रविवारी दाढी करताना मनाशी म्हटलं आणि गाल कापून घेतला.

कारण गंमत पुढेच झाली. २०२३ मध्ये अरुंधतीने आशुतोष केळकरशी लग्न केलं आणि आमच्या इमारतीत उभी फूट पडली. "नातवंडं खेळवायच्या वयात?" असं सर्वांत मोठ्याने कोणी विचारलं असेल, तर "सोड त्या मेल्याला" असं सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्यांनीच. आमच्या आत्याबाई त्यांच्या पुढारी. मी म्हटलं, "आत्या, तूच तर तिला सोड म्हणत होतीस." आत्या म्हणाल्या, "सोड म्हटलं होतं. दुसरा धर असं कुठे म्हटलं?" मला वाटतं, आपल्याला सुटलेली बाई चालते. सुटून वर सुखी झालेली चालत नाही. तिने सुटावं आणि आपल्या टाळ्यांवर एकटीने जन्म काढावा. मग २०२४ मध्ये लेखकांनी आशुतोषला मारलं, तेव्हा सर्वांत जास्त रडल्या त्या आत्याच. या वयात लग्न नको म्हणणाऱ्यांना या वयातलं वैधव्य मात्र लगेच पटलं.

बाकी तक्रारी किरकोळ. देशमुखांच्या 'समृद्धी'त भांडं पडलं तरी उचलायला माजी सून हजर, ही एक. आई कुठे काय करते असं विचारणारे लोक आईच सगळं का करते असं विचारू लागले. शेवटी शेवटी मालिका दुपारी अडीचला गेली, तेव्हा आत्याबाईंनी आपली वामकुक्षी तीनवर ढकलली. निष्ठा म्हणतात ती ही.

आमच्या इमारतीत तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना मी विचारलं, की जी बाई नाहीच तिच्यासाठी रडणं हा वेडेपणा की पुण्य? ते खूश झाले. पाण्याचा टँकर कधी येणार, याखेरीज बरेच दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की, कॉलिन रॅडफर्ड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये नेमका हाच प्रश्न टॉलस्टॉयच्या ॲना कॅरेनिनाबद्दल विचारला होता, आणि आपलं हे रडणं विसंगत आहे असाच निवाडा दिला होता. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ मध्ये मारलं, तर वाचकांनी पिच्छा पुरवून पुढे त्याला जिवंत करायला लावलं, हेही सांगितलं. आणि मग जाता जाता म्हणाले, "पण तुमच्या कामाचा माणूस रूसो. १७५८ साली तो म्हणून गेला की, नाटकात रडून आपण माणुसकीचं देणं फेडल्यासारखं समाधान मानतो, आणि पदरचं काहीच जात नाही."

पदरचं काहीच जात नाही! कारकुनाला हे वाक्य झोंबतं. द्विनोंदी पद्धतीत एका खात्यावर जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर नावे पडलंच पाहिजे. मी अरुंधतीसाठी हळहळलो, चांगला माणूस म्हणून माझ्या खाती रक्कम जमा झाली. नावे कोणाच्या पडली?

ते मला माहीत होतं. म्हणूनच दोन रात्री झोप आली नाही.

अरुंधतीच्या घटस्फोटाचे भाग चालू होते त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी बँकेत माझ्या खिडकीशी आल्या. एकट्या राहणाऱ्या कंपनीतल्या पोरांना त्या डबे देतात. रोजचे चाळीसेक. पैसे येतात ते नवरा-बायकोच्या जोडखात्यात, आणि दोघांपैकी कोणीही काढू शकतो. त्यांतला 'कोणीही' म्हणजे नेहमी नवराच. वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या एकटीच्या नावाचं खातं काढायचंय. घरी नाही कळलं पाहिजे."

आता यात अवघड काही नाही. आधार, पॅन, दोन फोटो, सह्या. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कशाला वहिनी? आहे की दोघांचं. साहेबांना एकदा विचारून तर बघा."

फॉर्मवर नवऱ्याच्या परवानगीचा रकाना नाही. वीस वर्षं तो फॉर्म हाताळतोय, मला पाठ आहे. तो रकाना मी पदरचा घातला. वहिनींनी पासबुक पिशवीत टाकलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्याच संध्याकाळी अरुंधती कोणाला तरी ठणकावून काही म्हणाली, तेव्हा मी सोफ्यावरून "शाब्बास!" म्हणून ओरडलो. आत्याबाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आमच्या घराण्यात बायकांची कदर करणारा मी पहिलाच, असं त्या सौ.ला म्हणाल्या. सौ. काही बोलली नाही. ती कधीकधी बोलत नाही.

तेव्हा मला काही टोचलं नव्हतं, हे विशेष. टोचलं ते पुढे केव्हातरी, प्राध्यापकांच्या रूसोनंतर. मग मी स्वतःच्या सोयीची बाजू शोधू लागलो. नवरा तसा वाईट नाही, गणपतीची वर्गणी वेळेवर देतो. शेजार मोडायला नको. आणि अनिरुद्ध वाईट, हे मला पार्श्वसंगीतामुळे कळतं. वहिनींच्या मागे कोणी व्हायोलिन वाजवत नव्हतं, मागे फक्त टोकन सत्तावीसवाला खोकत होता. माणसाला कळायचं कसं? कुठल्याही लेखापरीक्षकाने हे स्पष्टीकरण फेटाळलं असतं. मीही फेटाळलं. पण तीनदा वाचून.

शेवटी एका संध्याकाळी कोरा फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि वर गेलो. नवरा दुसऱ्या शिफ्टला होता, ते आधी गाडीच्या जागेवरून ताडून पाहिलं. (हे लिहिताना लाज वाटते. आपण खातं उघडायला चाललोय की संजनाकडे, कळेना.) वहिनी पोळ्या लाटत होत्या. डब्यांची रांग लागलेली. मी फॉर्म पुढे केला, घसा साफ केला आणि मागे म्हणालो ते चुकलं, असं काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, फॉर्म घेतला, नीट घडी करून परत दिला.

"झालं की भाऊजी, मागंच. तुमच्याकडनं आले त्याच आठवड्यात. काळेवाडीच्या दुसऱ्या बँकेत काढलं. लेकीला वारस लावलंय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ती अरुंधती बघूनच हिय्या केला होता. म्हटलं, आपण डबे तरी करतो, तिच्याकडं तर तेही नव्हतं."

मी म्हटलं, "तिथे काही अडचण नाही ना आली?"

"नाही. खिडकीत एक पोरगी होती. काही विचारलं नाही तिनं."

टीव्हीवर अरुंधती 'समृद्धी'च्या दिवाणखान्यात कोणाची तरी समजूत काढत होती. वहिनींनी आवाज बारीक केला आणि मला विचारलं, चहा घेणार का.