सोडून दिलेल्या माशाचा हिशोब

एखाद्या जिवाला आपण दुखावले आणि मग तो जिवंत आहे हे पाहून सोडून दिले, तर आपला हिशोब मिटतो काय? दुखावण्याचे काही कारण होते का, की केवळ मौज होती, यावर उत्तर बदलते काय? आम्ही हा प्रश्न इथे एका खेळाच्या निमित्ताने मांडत आहोत. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. इंग्लंडमध्ये मात्र तो सामान्य माणसाचा खेळ आहे. तळ्याकाठी बसून, भर हिवाळ्यात, गळाने मासे पकडण्याच्या स्पर्धा हा तो खेळ.

तिथे गोड्या पाण्यातल्या माशांचीही जातवारी आहे. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे. ते जमीनदारांच्या नद्यांत, महागड्या परवानगीने पकडायचे आणि खायचे. उरलेले रोच, ब्रीम, पर्च, टेंच, कार्प हे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. हे जाडेभरडे मासे जाडेभरडे कपडे घालणाऱ्यांच्या वाट्याला आले. शेफील्डचे पोलाद कामगार आणि उत्तरेकडचे खाणकामगार रविवारी रेल्वेने लिंकनशरच्या पाण्याकडे जात आणि पैजा लावून मासे पकडत. त्यांच्या क्लबांचा राष्ट्रीय महासंघ १९०३ साली स्थापन झाला आणि १९०६ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. सहा दिवस धूर आणि अंधार सोसणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी मोकळी हवा, पाणी आणि जिंकण्याची एक संधी मिळे. हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर दुरून बोट दाखवणे फार सोपे होते.

स्पर्धेची रीत अशी. सकाळी चिठ्ठ्या काढतात. ज्याच्या नावाने जो क्रमांक निघेल, त्या क्रमांकाच्या जागी त्याने काठावर बसायचे. शिट्टी होते आणि साधारण पाच तास मासेमारी चालते. प्रत्येकाजवळ पाण्यात सोडलेली जाळीची एक लांब पिशवी असते. पकडलेला मासा गळातून सोडवून तिच्यात टाकायचा. शेवटी सगळ्यांच्या पिशव्या वर काढून वजन करायचे, आकडा लिहायचा आणि मासे पुन्हा पाण्यात सोडायचे. खायला कुणी एकही नेत नाही.

हिवाळ्यात हा खेळ अवघड होतो. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार असते. पाणी थंडावले की त्याच्या शरीराचा कारभार मंदावतो, भूक मरते, हालचाल कमी होते. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी बसते आणि त्याहून गार पाणी वर राहून गोठते. मासे थव्याने एका ठिकाणी गोळा होतात आणि तळ्याचा उरलेला भाग रिकामा पडतो. चिठ्ठीत ती जागा आली तर नशीब, नाहीतर पाच तास हात चोळत बसायचे. अशा वेळी खेळाडू केसासारखी बारीक दोरी घेतात, भाताच्या दाण्याएवढा गळ घेतात आणि त्याला एकच अळी लावतात. आमिष मूठभर फेकून चालत नाही, दोन-चार अळ्या मोजून टाकाव्या लागतात. चौदा-सोळा मीटर लांब कार्बनच्या काठीने आमिष नेमक्या जागी अलगद ठेवतात. पाच वेळा जागतिक विजेतेपद मिळवणारा अ‍ॅलन स्कॉटहॉर्न याच परंपरेतला. जी माणसे माशाची भूक, सवय आणि भीती इतकी बारकाईने ओळखतात, ती माशाबद्दल बेफिकीर आहेत असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

पण ओळखणे आणि दया करणे ही एकच गोष्ट आहे का? शिकारी हरणाला ओळखतो, तसा सावकारही कर्जदाराच्या घरची परिस्थिती ओळखतो.

या खेळाची मुख्य कैफियत एका वाक्यात सांगता येते : आम्ही मारत नाही, सोडतो. यात तथ्य आहेच. बिनकाट्याचे गळ वापरण्याचा नियम अनेक तळ्यांवर आहे. एका पिशवीत ठरावीक वजनाहून अधिक मासे ठेवू नयेत, असेही बंधन असते. शिशाचे मणी गिळून राजहंस मरत आहेत हे ध्यानात आल्यावर १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि खेळ त्याशिवाय सुरू राहिला. कारखान्यांच्या घाणीविरुद्ध कोर्टात जायला हीच माणसे पुढे होती. डर्बीच्या गळकऱ्यांच्या संघटनेने डरवेंट नदी नासवल्याबद्दल एका मोठ्या कारखान्यावर आणि खुद्द नगरपालिकेवर दावा लावला आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी तो जिंकला. नदीकडून काहीतरी हवे असलेला माणूसच नदीसाठी भांडतो, हे कटू असले तरी खरे आहे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप माशाच्या बाजूचा आहे, आणि मासा बोलत नाही. त्याला ओरडता येत नाही, डोळे मिटता येत नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही. म्हणून त्याला काही वाटत नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. २००३ साली लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल या संशोधकांनी ट्राउट माशाचे डोके तपासले. तिथे त्यांना संवेदना टिपणारी ५८ ठिकाणे मिळाली. त्यांपैकी २२ इजेची संवेदना टिपणारी होती. ओठांना मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचलेले मासे बराच वेळ खाईनात. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले. याउलट जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००२ सालीच म्हटले होते की, वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो तो माशाला नाहीच. ती केवळ शरीराची प्रतिक्रिया आहे. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

शास्त्रात वाद असेल तेव्हा नीती काय म्हणते? आमच्या मते इथेच खरा पेच आहे. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, असे न्यायालय म्हणते. पण इथे आरोपी कोण आणि फिर्यादी कोण? आपली मौज टिकवण्यासाठी संशयाचा फायदा आपणच घ्यायचा, की ज्याला तोंड असून वाचा नाही त्याला द्यायचा?

दोन देशांनी याची दोन उत्तरे दिली आहेत. जर्मनीच्या प्राणीरक्षण कायद्याप्रमाणे सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. खाणे हे कारण चालते, केवळ वजन करून सोडणे हे सहसा चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडायला मनाई आहे. म्हणजे तिथे मारून खाणारा निर्दोष आणि सोडणारा दोषी. इंग्लंडमध्ये नेमके उलटे. तिथल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात, मासेमारीच्या नेहमीच्या ओघात जे घडते त्याला हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट कलम आहे. २०२२ साली तिथे आणखी एक कायदा झाला. त्यात सर्व पृष्ठवंशी प्राणी संवेदनशील मानले गेले, म्हणजे मासेही आले. जुनी सूट मात्र तशीच राहिली. मासा संवेदनशील आहे, पण गळाला असताना नाही, असा त्याचा अर्थ कुणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

हा पेच कागदावरच राहिला नाही. २००४ नंतर पोलंड आणि शेजारच्या देशांतून हजारो कामगार इंग्लंडमध्ये आले. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री ताटात कार्प मासा असतो. तळ्यात कार्प दिसला, पकडला आणि घरी नेऊन रांधला, यात त्यांना काही गैर वाटले नाही. इंग्रज गळकरी संतापले. मासे मालकीचे होते, नियम मोडला होता, ही तक्रार रास्तच होती. पण रागात याहून अधिक काही होते. मासा खाणारा त्यांना रानटी वाटला. आणि अन्नाला दहादा टोचून, मोजून, परत पाण्यात टाकणारा माणूस त्या पोलिश कामगाराला वेडा वाटला असेल. एकाच्या डोळ्यांत मासा सोबती होता, दुसऱ्याच्या डोळ्यांत घास होता. परका माणूस आपल्याहून वेगळे खातो, एवढ्यावरून त्याला क्रूर ठरवण्याची घाई कशी होते, हे आपल्या देशात तरी कुणी कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरीचा दालदी मुसलमान आणि वेसाव्याचा कोळी मासे पकडतात ते पोटासाठी. त्यात स्पर्धा नाही, मौज नाही. समुद्रातली शिकार आपल्याला हलाल आहे. मात्र बकऱ्यासाठी सुरी धारदार हवी, ती त्याच्यासमोर परजू नये, असे बारीक नियम असताना माशाला जबह नाही. त्यामुळे तो कसा मरतो, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात सहसा निघत नाही. जाळ्यात दबून, होडीच्या तळाशी तडफडून गुदमरणारी सुरमई तळ्यातल्या रोचहून कमी सोसते, असे म्हणायला काही आधार नाही. तेव्हा दुःखाचेच माप लावले तर आपला काटाही हलका भरत नाही.

फरक आहे तो कारणाचा. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. तीत खाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती जिवाला खेळणे करण्याला. घास घेताना माणूस त्या जिवाचा देणेकरी होतो आणि ते देणे त्याला निदान कळते. खेळात देणे कळतच नाही, कारण शेवटी मासा परत दिलेला असतो. 'सोडून दिला' या शब्दांत मोठी सोय आहे. दुखावलेल्याची बाजू त्यात येत नाही, सोडणाऱ्याचे औदार्य तेवढे दिसते.

तरीही विश्रांती ही गरज नव्हे काय, असे तो खाणकामगार विचारील. आहे, आणि मोठी आहे. एकट्याने तळ्याकाठी बसलेला माणूस पुरे वाटले की काठी गुंडाळून घरी जाऊ शकतो. दया करण्याची मुभा त्याच्या हातात असते. स्पर्धेत ती घड्याळाकडे आणि तराजूकडे जाते. शेजाऱ्याच्या पिशवीत चार मासे अधिक असताना कुणी थांबत नाही. हिवाळ्यात तर भूक मेलेल्या, तळाशी निपचित पडलेल्या माशालाही हिकमतीने तोंड उघडायला लावायचे, हेच कौशल्य ठरते. तिथे रोच हा रोच राहत नाही, तो काही औंसांचा आकडा होतो.

खेळावर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. बंदीने क्लब बुडतील आणि मग नदीसाठी कोर्टात कोण जाणार? आमचे म्हणणे इतकेच की, सोडून देणे हे दुखावण्याचे प्रायश्चित्त मानू नये. गळ लहान करणे, पिशवीत मासे कमी वेळ ठेवणे, कडाक्याच्या थंडीत स्पर्धा आखडती घेणे, यांतले जे शक्य आहे ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून करावे. आणि ताटात मासा वाढून घेताना तोच हिशोब आपणही मांडावा. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या वाट्याचा आवाज दुसऱ्या कुणीतरी राखून ठेवावा लागतो. ते काम माणसाचे आहे, कारण काठी आणि जाळे दोन्ही त्याच्याच हातात आहेत.