कुणाचा कान प्रमाण मानायचा?

व्हॉट्सॲप स्टेटसचं आयुष्य चोवीस तासांचं. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठेवलेलं स्टेटस मात्र दीड वर्षाहून जास्त जगलं. ३७० कलम ज्या दिवशी हटवलं तो ५ ऑगस्ट काळा दिवस, असं त्यात होतं. शिवाय १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी १५३-अ खाली, म्हणजे समाजगटांत शत्रुत्व पसरवल्याचा, गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देण्यात द्वेष नाही, असा त्या निकालाचा सूर.

मला त्यातली मोजपट्टी महत्त्वाची वाटते. ती मूळची नागपूरची. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या मापाने मोजायचा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नाही. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच माप वापरलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सर्व्हरवर अलर्ट लावताना मर्यादा फार खाली ठेवली की रात्रभर फोन वाजत राहतो आणि खरी आग लागते तेव्हा कुणी उठत नाही. पण माणसांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. सर्व्हर मुद्दाम दुखावून घेत नाही, माणूस घेतो. जितकं जास्त दुखावलं जाईल तितकं जास्त ऐकलं जाणार असेल, तर दुखावणं हा धंदाच होईल. ज्याचा कान सर्वांत हळवा, त्याच्या हातात सगळ्यांच्या तोंडाची किल्ली.

संविधानाच्या १९(२) मध्ये बोलण्यावरच्या बंधनांची कारणं मोजून दिलेली आहेत. देशाची सुरक्षितता आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. ‘भावना दुखावणे’ नाही. १९२७ मध्ये आलेल्या आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या २९५-अ कलमात धार्मिक भावना होत्या, पण तिथेही हेतुपुरस्सर आणि दुष्ट इराद्याने अपमान केलेला असावा लागायचा. बहुतेक एफआयआरच्या बातम्या वाचताना हा इरादा शोधूनही सापडत नाही.

पुण्याचा अनुभव यात जुना आहे. जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यातल्या एका मजकुराने लोक चिडले, आणि माझ्या मते चिडण्याजोगंच ते होतं. प्रकाशकाने त्याच वर्षी पुस्तक भारतातून मागे घेतलं. तरी ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. (पत्ता लॉ कॉलेज रस्ता, हे विशेष.) त्यानंतर डेक्कन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो पुस्तकाविरुद्धही, आणि सरकारने बंदी घातली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१० मध्ये ते शिक्कामोर्तब झालं. पुन्हा तेच नागपूरचं माप.

चिडलेल्यांना वाट नव्हती असंही नाही. १९(१)(ख) शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतं. संस्थेच्या दारात फलक घेऊन महिनाभर बसता आलं असतं. लेनला खोडून काढणारं पुस्तक लिहिता आलं असतं. लेखकाला बोलू देणारं आणि निषेध करणाऱ्याला बसू देणारं कलम एकच आहे, हे आपण फार पटकन विसरतो.

हे सगळं मी ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “खंबीर राहणं बहुसंख्याकाला परवडतं रे. ज्याच्या वस्तीवर रात्री दगड पडू शकतात, त्याने कुठल्या खंबीरपणाने वाचायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. दुखावणं आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वस्तीला शब्दाचा डंख लागत नाही, तो शब्द ऐकून तिसरा काय करेल याची धास्ती असते. म्हणजे वाचक खंबीर धरायचा, पण कोण कुणाला काय करायला सांगतोय आणि ऐकणारा कुठे राहतो, हेही बघायचं. चिथावणीला कायद्याने तडक आडवं यावं. आपल्याकडे तत्परता दिसते ती दुखावलेल्यांसाठी.

त्यावर तो एवढंच म्हणाला, “हडपसर आठव.”

जून २०१४. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली आणि पुण्यात दंगल उसळली. सोलापूरचा एक मुस्लिम तरुण नमाजहून परतत होता. आमच्यासारखाच आयटीतला. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जमावाने त्याला रस्त्यात मारून टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

मित्राच्या मते ती पोस्ट वेळीच थांबवली असती तर तो वाचला असता. मला वाटतं, ‘आम्ही दुखावलो’ हे कारण एवढं पुरेसं मानलं जात नसतं, तर वाचला असता. आमचा वाद अजून मिटलेला नाही.