मुलाखतीच्या खोलीत आठवी आज्ञा

निकाल लागले की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत अर्ज आणि मुलाखती यांची धावपळ सुरू होते. कुणी बँकेसाठी, कुणी रुग्णालयात परिचारिका म्हणून, तर कुणी आखाती देशातल्या कंपनीसाठी सकाळची विरार लोकल पकडतो. आई मेणबत्ती पेटवते, आजी रोझरी हातात घेते. आणि घरातले कुणी अनुभवी काका दारापर्यंत येऊन हळूच सांगतात, ‘अरे, थोडं वाढवून सांगायचं असतं. सगळेच सांगतात.’

काकांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या सांगण्यात तथ्य नाही असेही म्हणता येत नाही. बाजारात भाजीवाली भाव चढवून सांगते, गिऱ्हाईक पाडून मागते, आणि यात कुणी कुणाला फसवले असे आपण मानत नाही. मुलाखतीतही तसेच चालते, असा काकांचा मुद्दा. तीन वर्षांच्या अनुभवाचे पाच केले, तर समोरचा दोन वजा करूनच ऐकतो. जो खरे तीन सांगतो त्याचे मात्र तीनातूनही दोन वजा होतात आणि हाती एकच उरतो. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता थकला आहे, त्याला नुसते ‘खरे बोल, देव बघून घेईल’ म्हणणे सोपे आहे. रिकाम्या हाताने घरी परतायचे असते त्याला, आपल्याला नाही. म्हणून हा प्रश्न नीट पाहायला हवा.

संत ऑगस्टीन यांना तो नोकरी करतानाच भेटला. इ. स. ३८४ मध्ये मिलान शहराला वक्तृत्वाचा शिक्षक हवा होता. निवडीचे काम रोमचा नगरप्रमुख सिम्माकस याच्याकडे आले. ऑगस्टीन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते, बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्यांनी मानी पंथातील ओळखीच्या लोकांचा वशिला लावला, मग दिलेल्या विषयावर भाषण करून दाखवले आणि नेमणूक मिळवली. म्हणजे वशिलाही होता आणि मुलाखतही. सोळाशे वर्षांत पद्धत फारशी बदललेली दिसत नाही! नोकरी मानाची होती. सम्राटाची जाहीर स्तुती करणे हाही तिचा एक भाग होता. आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथात ते त्या दिवसांविषयी सांगतात, की एका भाषणात मी भरपूर खोटे बोलणार होतो, आणि ते खोटे आहे हे पक्के ठाऊक असलेले लोकच मला टाळ्या देणार होते. त्याच विवंचनेत मिलानच्या रस्त्याने जाताना त्यांना दारू पिऊन मजेत हसणारा एक भिकारी दिसला, आणि आपल्यापेक्षा तो सुखी आहे असे त्यांना वाटले.

काकांचा युक्तिवाद नेमका हाच आहे: ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, मग बिघडले कुठे? ऑगस्टीन यांनी तो युक्तिवाद दोनेक वर्षे पगार घेऊन जगून पाहिला. ३८६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, ३८७ च्या पास्काला बाप्तिस्मा घेतला आणि ३९५ च्या सुमारास असत्य बोलण्यावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कोणत्याही कारणासाठी खोटे बोलणे योग्य नाही, असा तिचा कडक निष्कर्ष आहे.

तरीही मुलाखतीतला प्रत्येक शब्द एकाच तराजूत घालू नये असे मला वाटते. ‘मी मेहनती आहे’, ‘मला माणसांत मिसळायला आवडते’ ही वाक्ये इस्त्रीच्या शर्टासारखी असतात. सगळेच ती घालून येतात आणि त्यांवरून कुणी निवड करत नाही. पण अनुभवाची वर्षे, पदवी, आधीचा पगार, आधीची नोकरी का सुटली, या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांवर विसंबून समोरचा निर्णय घेणार असतो. तिथे उमेदवार साक्षीदाराच्या जागी उभा असतो, आणि साक्ष स्वतःविषयी आहे म्हणून आठवी आज्ञा सैल होत नाही. अतिदक्षता विभागात कधी काम न केलेल्या परिचारिकेने ‘दोन वर्षे केले’ असे सांगितले, तर त्या दोन वर्षांची वजाबाकी कुणी करत नाही. ती पहिल्या रात्रपाळीत एखाद्या रुग्णाच्या वाट्याला येते. आणि बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली जी दुसरी मुलगी खरे सांगून परत गेली, तिची जागा कुणी घेतली? अनुभवाचा खोटा दाखला आठव्या आज्ञेबरोबर सातवीही मोडतो. काकांच्या हिशेबात ही दुसरी मुलगी कुठेच नसते.

हे झाले वाढवून सांगणाऱ्यांविषयी. पण आपल्या धर्मग्रामातल्या बहुतेक मुलामुलींची अडचण उलटी आहे. वसईच्या मराठी शाळेत शिकलेला चांगला हुशार मुलगा ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटल्यावर नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय सांगतो आणि खाली पाहतो. त्याला इंग्रजीची भीती असते, हे खरे. पण तेवढेच कारण नाही. स्वतःची स्तुती करू नये, हे आपण त्याच्यात लहानपणापासून मुरवलेले असते. मंदिरात स्वतःची थोरवी गाणारा परुशी आणि मागे उभा राहिलेला जकातदार यांचा दाखला त्याने दरवर्षी ऐकलेला असतो. मग स्वतःविषयी चार चांगल्या गोष्टी सांगणे म्हणजे परुशी होणे, असे त्याला वाटते.

१३ व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी या गुंत्याची फार बारकाईने उकल केली आहे. सत्य हा सद्गुण मानून ते त्याच्या दोन्ही बाजूंचे दोष दाखवतात. एका बाजूला आत्मप्रौढी, म्हणजे नाही ते आहे म्हणणे. दुसऱ्या बाजूला, आहे ते नाही म्हणणे. आपल्यातले सगळे चांगले बोलून न दाखवणे यात ते दोष मानत नाहीत. पण जे आपल्यात आहे हे ठाऊक आहे, ते नाकारणे हेही असत्यच, असे ते म्हणतात. शिवाय भित्रेपणाने आपल्या कुवतीपेक्षा लहान राहणे याला ते पाप म्हणतात आणि उदाहरण देतात धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या त्या नोकराचे.

त्या नोकराला मिळाले होते एक तालांत. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती सुमारे वीस वर्षांची मजुरी होती! इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द याच दाखल्यातून आला. आपल्याकडे काहीच नाही असे वाटणाऱ्या मुलाने हा हिशेब एकदा जरूर करावा.

बायबलमधली मला सर्वांत आवडणारी मुलाखत शौल राजासमोर दाविदाने दिलेली आहे (१ शमुवेल १७). राजा म्हणतो, तू पोर आहेस, गल्याथ कसलेला योद्धा आहे. थोडक्यात, अनुभव नाही. दावीद ‘मी शूर आहे’ असे एकदाही म्हणत नाही. वडिलांची मेंढरे राखताना सिंह आला तेव्हा काय केले, अस्वल आले तेव्हा काय केले, एवढेच तो सांगतो. ज्या देवाने तेव्हा सोडवले तोच आताही सोडवील, हेही सांगतो. घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली की त्यात फुशारकी राहत नाही आणि खोटी नम्रताही राहत नाही. पुढे शौल त्याला आपले चिलखत घालतो. दावीद चालून पाहतो आणि ते उतरवून ठेवतो, कारण त्याला त्याची सवय नसते. क्लासमध्ये पाठ केलेली उत्तरे, किंवा आता ऑनलाइन मुलाखतीत पडद्याच्या कडेला यंत्राने लिहून दिलेली वाक्ये वाचणे, हे शौलाचेच चिलखत. दुसराच प्रश्न आला की पाय अडखळतात.

तेव्हा तयारी करायची ती अशी. आपला बायोडेटा समोर घ्यावा आणि प्रत्येक ओळीला विचारावे, हिची एखादी घडलेली गोष्ट मला सांगता येईल का? येत नसेल तर ती ओळ काढावी. येत असेल तर आधी आपल्या बोलीत घरच्यांना सांगावी, मग सोप्या इंग्रजीत मोठ्याने म्हणावी. आपली मेंढरेही आठवावीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात तीस मुले सांभाळली, सणाच्या वर्गणीचा हिशेब रुपयापर्यंत जुळवला, पहाटे बाबांबरोबर फुले दादरला पोचवून मग कॉलेज गाठले, हा अनुभवच आहे. तो सांगायला मुले लाजतात आणि कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र मात्र पुढे करतात. जे येत नाही त्याला ‘हे मला माहीत नाही’ असे म्हणण्याचाही सराव करावा. ते वाक्य वाटते तितके सोपे नाही. ‘तुमची कमजोरी काय?’ या प्रश्नाला ‘मी फार मेहनत करतो’ हे उत्तर तर मुलाखत घेणाऱ्यांनाच पाठ झाले आहे. एक खरी उणीव आणि तिच्यावर आपण काय करतो, एवढे सांगितले की पुरे. मुलाखत म्हणजे प्रायश्चित्त संस्कार नव्हे. समोरच्याला सगळेच जाणण्याचा अधिकार नसतो.

हा अधिकाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या भरतीत महिला उमेदवारांना एके काळी एक प्रतिज्ञापत्र भरावे लागे. त्यात मासिक पाळीची तारीख आणि गर्भारपणाविषयी प्रश्न असत. १९८९ मध्ये कामावर लागलेल्या एका महिलेला बाळंतपणानंतर, १९९० मध्ये, काढून टाकण्यात आले. कारण दिले गेले की त्या रकान्यातली माहिती खोटी होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असे लाजिरवाणे रकाने काढून टाकावेत असे सुनावले. माझ्या मते तिच्या उत्तरापेक्षा त्या प्रश्नाचा दोष कितीतरी मोठा होता.

मग अशा प्रश्नाला खोटे उत्तर चालते का? इथे ख्रिस्तसभेचीही शब्दांशी झटापट झालेली आहे. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे त्याची दिशाभूल करणे म्हणजे खोटे बोलणे, अशी व्याख्या होती. १९९७ च्या अधिकृत आवृत्तीत अधिकाराचे ते शब्द वगळण्यात आले. मात्र ज्याला जाणण्याचा अधिकार नाही त्याला सत्य सांगण्यास कुणी बांधलेले नाही, गप्प राहता येते, जपून बोलता येते, ही शिकवण कायम राहिली. तेव्हा ‘लग्न कधी करणार? मूल कधी?’ असे विचारले तर ‘त्याचा माझ्या कामावर परिणाम होणार नाही याची काळजी मी घेईन’ इतके उत्तर पुरेसे आहे. आईच्या आजारपणात दोन वर्षे घरी राहिलेल्या मुलीने त्या दोन वर्षांत नसलेली नोकरी लिहू नये. ‘कौटुंबिक जबाबदारी होती, ती आता संपली आहे’ असे सांगावे. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. यातूनही नोकरी हुकू शकते. कधी कधी हुकतेच.

आपल्या धर्मग्रामातील काही जण टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसतात. वाढवून सांगायला भाग पाडण्यात त्यांचाही वाटा असतो. दोन वर्षांत शिकता येणाऱ्या कामाला जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागितला की तीनाचे पाच होणारच. आणि खरे सांगणाऱ्याला ‘स्मार्ट नाही’ म्हणून वगळले, तर बाहेरच्या बाकावरचे बाकीचे लगेच शहाणे होतात.

राहिली गोष्ट चर्चच्या दाखल्याची. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ‘फादर, चांगल्या वर्तणुकीच्या दोन ओळी द्या’ म्हणून धावत येणारे बरेच असतात. तीही साक्षच आहे, आणि तिच्याखाली धर्मगुरूंची सही असते. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी फादरांनी काय लिहावे? दाखला हवा असेल तर चार दिवस आधी या. आपण कोणत्या संघात, किती वर्षे, नेमके काय काम केले ते कागदावर लिहून आणा. जे फादरांना किंवा संघाच्या अध्यक्षांना ठाऊक आहे तेवढे नक्की लिहून मिळेल.