चंचल कोण?

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथें फुटतो, त्या कसालास आंब्याच्या दिवसांत क्षणभर उभें राहिलें, तर ‘चंचल’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ एकाच ठिकाणीं भेटतात. मोसमाच्या आरंभीं चढलेला हापूसचा भाव मे महिन्यांत आवक वाढतांच उतरतो. त्यास आपण अस्थिर म्हणतों. पिकत्या फळाचा सुवास हवेंत पसरतो; त्यांतील द्रव्यांस रसायनशास्त्र बाष्पनशील म्हणतें. लक्ष्मी तर चंचलाच; आणि मनाच्या चंचलतेची तक्रार अर्जुनानें गीतेच्या सहाव्या अध्यायांत केली आहे.

मग चंचलता हा दोषच काय? तसें म्हणवत नाहीं. कापूर डबींत ठेवला तरी उडतो, म्हणून गृहिणी त्यांत मिरीं घालून ठेवतात. पण तो न उडता, तर त्याचा वास तरी कोणास आला असता? मीठ उडत नाहीं, म्हणून त्यास गंधही नाहीं. भावही आवकेप्रमाणें न उतरता, तर आंब्यांचा ढीग पडल्या जागीं नासला असता.

दोष येतो तो एका जागेचा गुण दुसरीकडे नेल्यानें. मोहोरावर ठरविलेला सौदा भाव उतरतांच मोडणारा मनुष्य ‘बाजारच चंचल!’ म्हणून मोकळा होतो. परंतु बाजार बदलणार हें ठाऊक असल्यामुळेंच ना शब्द दिला-घेतला जातो? सर्वच स्थिर असतें, तर वचनाची गरजच नव्हती. भाव उडो, सुगंध उडो. दिलेला शब्द मात्र मिठासारखा जागच्या जागीं राहावा.