माळवदातील वटवाघळे आणि मांजरीची हदीस

आपल्यापैकी अनेकांची घरे जुनी आहेत. येरमाळा आणि आसपासच्या खेड्यांत दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद अशी घरे अजून उभी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यात दगड-मातीच्या घरांचा लोकांनी धसका घेतला. कोणी माळवद उतरवून पत्रे टाकले, कोणी शेजारी नवी खोली बांधून जुना वाडा तसाच ठेवला. बालाघाटच्या डोंगरांतील कपारींची सवय असलेल्या वटवाघळांना अशी ओस पडलेली घरे, तुळईलगतच्या फटी आणि पत्र्याच्या पन्हळींखालची पोकळी आपल्या निवासासारखीच वाटते. मग एखाद्या संध्याकाळी घरात फडफड ऐकू येते, भिंतीवर काळे ओघळ दिसतात, सकाळी अंथरुणावर उंदराच्या लेंड्यांसारखी विष्ठा सापडते आणि प्रश्न उभा राहतो : यांना घालवायचे कसे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. आपले घर त्यांच्यापासून मोकळे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कोणाला हानी पोहोचवू नये आणि हानीच्या बदल्यात हानीही करू नये, हे तत्त्व प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले आणि इमाम इब्ने माजा यांनी ते आपल्या संग्रहात नोंदविले. त्यातील पहिल्या अर्ध्या भागाने आपल्या मुलाबाळांचे आरोग्य जपण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. दुसरा अर्धा भाग मात्र आपण सोयीने विसरतो. घरात शिरलेल्या मुक्या जीवाला बाहेर काढणे वेगळे आणि त्याच्यावर सूड उगवणे वेगळे.

वटवाघळाविषयी आपल्या मनात जी घृणा आहे तिचा उगम दीनमध्ये नाही. उपद्रवामुळे ज्या पाच प्राण्यांना मारण्याची परवानगी बुखारी व मुस्लिमच्या हदीसमध्ये आली आहे, त्यांत उंदीर, विंचू, कावळा, घार आणि चावरा कुत्रा आहेत, वटवाघूळ नाही. उलट हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांचे एक कथन इमाम बैहकी यांनी नोंदविले आहे. त्यात बेडूक आणि वटवाघूळ यांना मारू नये असे म्हटले असून, बैतुल मकदिसच्या विध्वंसाच्या वेळी वटवाघळाला झालेल्या दुःखाचा त्यात उल्लेख आहे. हे प्रेषितांचे वचन नसून सहाबींचे कथन आहे, हा भेद लक्षात ठेवावा. तरीही त्याच्या आधारे काही फकीहांनी वटवाघूळ मारणे निषिद्ध ठरविले. हजरत ईसा (अलै.) यांनी अल्लाहच्या आज्ञेने मातीचा जो पक्षी सजीव केला, तो वटवाघूळच होता असे काही मुफस्सिरांनी लिहिले आहे. आणि हजरत अली (रजि.) यांच्या नावे असलेल्या ‘नहजुल बलागा’ या संग्रहात तर एक संपूर्ण प्रवचन याच जीवावर आहे. जगाचे डोळे उघडणारा प्रकाश याचे डोळे मिटतो, पिसे नसलेल्या मांसाच्या पंखांनी हा उडतो आणि याचे पिल्लू आईला चिकटूनच उड्डाण करते, याचे नवल त्यात वर्णिले आहे. आपण ज्याला झाडूने झोडपतो त्याच्यात आपल्या पूर्वजांना निर्मात्याची खूण दिसत होती.

आपल्या देशाच्या कायद्याची कथाही बोलकी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक अनुसूची होती आणि तिच्यात उंदीर व कावळ्याच्या पंक्तीला फळे खाणारी वटवाघळे बसविली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू आहे. कावळा आणि उंदीर हदीसमधील यादीतही आहेत. वटवाघूळ मात्र केवळ माणसाच्या यादीत होते.

२०२० साली कोरोनाच्या भीतीने वटवाघळांविषयी नाही नाही ते बोलले गेले. पुढच्या वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा ती भीती पुन्हा वाढली. सावधगिरी योग्यच आहे, परंतु सावधगिरी म्हणजे हात न लावणे. वटवाघळावर काठी घेऊन धावणारा माणूसच चावा घेतला जाण्याची, ओरखडा उठण्याची आणि लाळेशी संपर्क येण्याची संधी निर्माण करतो. छतात शांत बसलेले वटवाघूळ आपण होऊन कोणावर झेप घेत नाही. आपल्याकडील एकही जात माणसाचे रक्त पिऊन जगत नाही. घरात राहणारी लहान वटवाघळे, ज्यांना आपल्याकडे पाकोळ्या म्हणतात, डास, पतंग आणि पिकांवरचे किडे खातात. एक पाकोळी रात्रीत शेकडो कीटक टिपते. सोयाबीन आणि तुरीच्या शेतकऱ्याने याचा विचार अवश्य करावा.

घरात वटवाघूळ आले म्हणजे अपशकुन झाला, ही समजूत आपल्याही काही घरांत ऐकू येते. प्रेषितांनी (सल्ल.) शकुन-अपशकुनाला स्पष्ट नकार दिला आहे, त्यावर अधिक काय लिहावे? दम्यासाठी याचे मांस आणि सांधेदुखीसाठी याचे तेल शोधणाऱ्यांनाही एवढेच सांगावेसे वाटते की बहुसंख्य फकीहांनी हे मांस निषिद्ध मानले आहे आणि दम्याचे औषध आरोग्य केंद्रात मिळते.

आता मुख्य विषयाकडे वळू. मांजरीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवली. तिला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी सोडलेही नाही. ती मांजर मेली आणि त्या कारणाने ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. बुखारी आणि मुस्लिम दोहोंत ही हदीस आहे. व्याख्यानांत ती ‘प्राण्यांवर दया करा’ एवढ्यावर संपविली जाते. परंतु नीट पाहा. त्या स्त्रीने मांजरीवर शस्त्र चालविले नव्हते. तिचा गुन्हा कोंडण्याचा होता : अन्न दिले नाही आणि अन्नाकडे जाण्याची वाटही ठेवली नाही.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या गावांत काय चालते? मृग लागण्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची, फटी बुजवायच्या, पत्र्यांच्या कडा सिमेंटने बंद करायच्या. गवंडी दिवसा येतो, संध्याकाळपर्यंत भोके बुजवितो आणि निघून जातो. आपल्याकडील बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची पिल्ले उन्हाळ्याच्या उत्तरार्धात व पावसाळ्याच्या आरंभी जन्मतात. मादीला बहुधा एकच पिल्लू होते, कधी दोन. पहिले काही दिवस ती त्याला पोटाशी घेऊन उडते. ते जड झाले की छतातच ठेवून भक्ष्याला जाते आणि परत येऊन दूध पाजते. साधारण चार ते सहा आठवडे पिल्लाला उडता येत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात आपण भोके बुजवितो, त्याच आठवड्यात आत उपाशी पिल्ले असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. दिवसा भोक बुजले तर आई आणि पिल्लू दोघेही आत कोंडले जातात. रात्री बुजले तर आई बाहेर भिंतीवर आपटत राहते. दोन्ही बाबतींत अन्न नाही आणि वाटही नाही. ही तंतोतंत मांजरीचीच गोष्ट आहे. फक्त दोरीच्या जागी सिमेंट आहे.

‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ हे आजवर म्हणता येत होते.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेला प्रवासातील प्रसंग अबू दाऊदमध्ये आहे. काही सहाबींनी एका लहान पक्ष्याची दोन पिल्ले उचलली. आई पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषित (सल्ल.) आले, त्यांनी विचारले की हिच्या पिल्लांवरून हिला कोणी व्याकूळ केले, आणि पिल्ले परत ठेवण्यास सांगितले. त्याच हदीसमध्ये पुढे जाळलेल्या मुंग्यांच्या वारुळाचा उल्लेख आहे आणि आगीने शिक्षा करण्याचा अधिकार केवळ आगीच्या स्वामीला आहे, ही समज दिलेली आहे. तेव्हा टेंभा लावणे, छतात मिरच्यांचा धूर कोंडणे, तारेच्या डासमाऱ्या रॅकेटने मुलांनी त्यांना टिपणे हे सारे प्रकार या एकाच हदीसने बंद होतात. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्याचा प्रेषितांनी (सल्ल.) धिक्कार केल्याचे हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितले आहे, रॅकेट हाती असलेल्या मुलाला ही हदीस त्याच्या भाषेत समजावून सांगावी. विष आणि चिकट सापळे यांविषयी वेगळे सांगणे नको. विषाने वटवाघूळ छतातच मरते, सडते आणि घर राहण्याजोगे उरत नाही.

मग करावे काय? घाई करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हे महिने यासाठी चांगले : पिल्ले बहुधा उडती झालेली असतात आणि कडाक्याची थंडी नसते. काही लहान जातींना वर्षातून एकाहून अधिक वेळा पिल्ले होतात. म्हणून काळ कोणताही असो, आधी पाहावे. दोन-तीन दिवस मगरिबच्या सुमारास घराबाहेर चारी बाजूंना एकेक माणूस बसवावा. मुलांना हे काम आवडते. वटवाघळे कोणत्या फटीतून निघतात ते ध्यानात घ्यावे. बोटभर रुंदीची फटही त्यांना पुरते. ती फट बहुधा तेलकट, काळपट झालेली असते व खाली विष्ठा पडलेली असते. सारी बाहेर गेल्यावर आतून चिवचिव ऐकू येत असेल, तर पिल्ले आहेत असे समजून महिना-दीड महिना थांबावे आणि पुन्हा पाहावे.

पिल्ले नाहीत याची खात्री झाली की वापरात असलेली वाट सोडून बाकी सर्व फटी आधी बुजवाव्यात. माळवदाला चुना-माती, पत्र्याच्या पन्हळींना बारीक तारेची जाळी, तुळईच्या टोकांना सिमेंट. वटवाघूळ उंदरासारखे कुरतडत नाही; बुजवलेले भोक ते पुन्हा पाडत नाही. उरलेल्या वाटेवर बारीक विणीची प्लास्टिकची जाळी वरून आणि दोन्ही कडांनी ठोकावी, खालून मोकळी ठेवावी आणि भोकाखाली दीड-दोन फूट लोंबू द्यावी. आतले वटवाघूळ भिंतीला धरून खाली सरकते आणि जाळीच्या खालून उडून जाते. परतताना मात्र ते थेट भोकापाशी झेपावते, तिथे जाळी आडवी येते आणि ते दुसरा आसरा शोधते. मासेमारीचे जाळे चुकूनही लावू नये, त्यात त्यांचे पंख अडकतात. जाळी पाच ते सात रात्री तशीच राहू द्यावी. खर्च म्हणाल तर जाळीचा तुकडा आणि चार खिळे.

सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे. आपल्याकडून निघालेली वटवाघळे त्याच्या माळवदात शिरली तर आपण घर स्वच्छ केले असे नव्हे, त्रास पलीकडे ढकलला असे होईल. शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांनी (सल्ल.) किती ताकीद दिली आहे हे आपण जाणताच. शक्य असल्यास दोन्ही घरांच्या फटी एकाच वेळी बुजवाव्यात.

पावसाळा तोंडावर आहे, माळवद गळते आणि पिल्ले आत आहेत, असा पेच पडला तर? तरीही मार्ग आहे. माळवदाच्या वर माती टाका, ताडपत्री घाला. बाहेरची येण्या-जाण्याची तेवढी एक फट ठेवा. छतातून राहत्या खोलीत उतरणाऱ्या आतल्या फटी मात्र त्याच दिवशी कापडाने किंवा फळीने बंद करा, विशेषतः लहान मूल वा आजारी माणूस झोपत असेल तिथे. असे केल्याने दीड महिना वटवाघळे छतात राहतील, घरात नाही. एखादे चुकून खोलीत आलेच तर आतले दार लावावे, खिडकी उघडावी, दिवा आणि पंखा बंद करावा. बहुधा ते स्वतः निघून जाते. न गेल्यास जाड हातमोजे घालून त्यावर डबा पालथा ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि अंधार पडल्यावर बाहेर उंचावर सोडावे. उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

विष्ठेविषयी मशिदींतूनही विचारणा होते. हनफी फकीहांनी वटवाघळाची विष्ठा व मूत्र यांना अपवित्र मानलेले नाही, कारण त्यापासून बचाव करणे कठीण असते. तेव्हा जुन्या मशिदीतील नमाजविषयी मनात शंका बाळगू नये. मात्र फिकहची सवलत म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. साचलेल्या कोरड्या विष्ठेत बुरशी वाढू शकते आणि झाडताना उडालेली धूळ फुप्फुसात जाते. आधी पाणी शिंपडावे, नाका-तोंडावर मास्क बांधावा आणि मग खरवडून काढावे. हे काम नेहमीप्रमाणे घरातील स्त्रियांवर कोरड्या झाडूनिशी सोपवू नये. पुरुषांनी हातभार लावावा.

शेवटची फट बुजविण्याच्या आदल्या संध्याकाळी जाळीकडे पाहावे; एकही बाहेर येत नसेल तर सकाळी सिमेंट लावावे. आणि त्या रात्री इशानंतर दिवे मालवून भिंतीला कान लावून थोडा वेळ ऐकावे. आत खरखर वा चिवचिव जाणवली, तर सिमेंट ओले आहे तोवर थापीने काढून टाकावे आणि जाळी पुन्हा लावावी.